एक ठिपका चालतो

"मॅडम, काही हरवलंय का?"

"हो. एक ठिपका."

वर्षाराणीनं मागं वळूनही बघितलं नाही. डावा डोळा मिटलेला, मान एका बाजूला कललेली, आणि नाक त्रेचाळीस इंची टीव्हीपासून वीतभर लांब. पडद्यावर निळा समुद्र उसळत होता. ती समुद्र बघतच नव्हती.

खरं तर ती दुकानात शिरली होती गारव्याला. गुरुवारची कंपनीला सुट्टी. सकाळी कासारवाडीला डिप्लोमाचा वर्ग, आणि दुपारी चाकणच्या बसची वाट बघत ऑक्टोबरच्या उन्हात भाजून निघणं. आज समोरचं काचेचं दार कुणीतरी उघडलं, आतली थंड झुळूक रस्त्यावर आली, आणि तिचे पाय आपोआप वळले. आत भिंतभर टीव्ही. दिवसाला चारशे पडदे तपासणाऱ्या बाईला अशा भिंतीसमोर नुसतं उभं राहता येतं होय?

"हा बघा. खालून चार बोटं, उजव्या कडेपासून एक वीत."

विचारणारा पुढं वाकला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला, खिशातून रुमाल काढला आणि पडदा हळूच पुसला.

"पुसून जायचा नाही तो," ती म्हणाली. "मेलाय. रंगच दाखवत नाही."

"सात महिने मी या टीव्हीसमोर रोज उभा आहे..."

आवाज इतका दुखावलेला, की तिला हसू फुटलं. तेव्हा कुठं तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, किडकिडीत, जणू उंचीबद्दल माफी मागत असल्यासारखा वाकलेला. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव – प्रज्वल. काखेत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक.

"मग हा टीव्ही... नापास?"

"छे. एक ठिपका चालतो. नियमात बसतो. मधोमध दोन असले, तर मात्र मी परत पाठवते."

"तुम्ही?"

"चाकणला टीव्हीच्या कंपनीत तपासणीला आहे. अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं आणि लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा, करडा असे सहा रंग लावून बघायचे. पास झाला की पाठीवर आपला नंबर टाकायचा. माझा सत्तावीस. उद्या काही वावगं निघालं तर जबाब सत्तावीसनं द्यायचा."

"म्हणजे कितीतरी घरांत तुमचा नंबर टांगलेला आहे," तो विचार करत म्हणाला, "आणि त्या लोकांना पत्ताच नाही."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं घाईघाईनं ओढणी सारखी केली. बाहेर बस येऊन उभी राहिली होती.

"आणि ते काय वाचताय? कादंबरी?"

"नाही, माहितीपुस्तिका. पासष्ट इंची ओएलईडी टीव्हीची." तो ओशाळला. "तिसऱ्यांदा वाचतोय."

*

पुढच्या गुरुवारी बस वेळेवर आली. वर्षाराणीनं ती जाऊ दिली.

दुकानात चांगलीच जुंपली होती. रंगराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ रहाटणीहून आले होते; मोबाइलवर चाळीस जणांची मतं वाचून, पूर्ण तयारीनिशी.

"हाही पासष्ट इंच, तोही पासष्ट इंच. हा पंच्याऐंशी हजार आणि तो एक लाख साठ. वरचे पंचाहत्तर हजार कशाचे, ते सांग मला. सोनं घातलंय का आत?"

"काका, साध्या टीव्हीत पडद्यामागं दिवे सतत चालू असतात," प्रज्वल सांगत होता. "काळं दाखवायचं तर तो उजेड झाकावा लागतो. कितीही झाका, थोडा पाझरतोच. म्हणून त्याचा काळा जरा राखी दिसतो. ओएलईडीत मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो. विझला की ठार काळा."

"म्हणजे मी पंचाहत्तर हजार काळ्या रंगाचे द्यायचे?"

"त्याचेच. पण काका... तुमच्या खोलीला खिडक्या किती?"

"तीन. पश्चिमेच्या."

"आणि टीव्ही बघता कधी?"

"दुपारी. मॅच असली की मॅच, नाहीतर दिवसभर बातम्या."

"मग नका घेऊ! एवढ्या उजेडात तो काळा तुम्हाला दिसणारच नाही. आणि बातम्यांची पट्टी रोज तासन् तास एकाच जागी राहिली, तर तिचा ठसा या पडद्यावर कायमचा उमटू शकतो. पुस्तिकेत एकोणसाठाव्या पानावर दिलंय. तुम्ही साधाच घ्या."

काउंटरवरून खोकला आला. दुकानाचे मालक खंडूशेठ असे खोकले, की नोकरांनी गप्प बसायचं असतं, हे वर्षाराणीलाही कळलं. प्रज्वललाच ते उशिरा कळलं. रंगराव काहीही न घेता, पण अत्यंत खुशीत निघून गेले.

"असं विकता होय तुम्ही?" तिनं विचारलं.

"विकतो कुठं? दुकानात सगळ्यात कमी विक्री माझी. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही."

"पण एक कळलं. काळ्याला पैसे जास्त पडतात."

"जितका अस्सल काळा, तितकी किंमत जास्त."

"मग एकदा कुरुळीला या. आमच्याकडे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना समजावून सांगा जरा."

ती हसत म्हणाली खरी. तिचा रंग गडद होता, आणि वर्षभरात तीन घरच्या पाहुण्यांनी पोहे खाऊन त्या रंगाचं माप काढलं होतं. प्रज्वल मात्र हसला नाही. तो कानापर्यंत लाल झाला.

"सांगतो की. पान नंबरासकट सांगतो. त्यांना... त्यांना बघताच येत नसंल..." घाबरला की त्याच्या तोंडून लातूर बाहेर पडायचं. "म्हणजे मी तसं न्हाई म्हणायलोय..."

"मग कसं म्हणायलाय?" तिनं त्याचीच री ओढली.

उत्तराऐवजी त्यानं खिशातून एक पेनड्राइव्ह काढला.

"तुमचे सहा रंग. यात भरलेत. रोज सकाळी इथले चार-पाच टीव्ही तपासतो. तुमच्यासारखा डावा डोळा मिटून."

"उजवा मिटला तरी चालतं."

"पण तुम्ही डावा मिटता."

त्या दिवशी तिच्या दोन बस गेल्या... आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी तीन.

*

चौथं स्थळ आणलं भागूआत्यानं. भोसरीचा सार्थक, कंपनीत सुपरवायझर, स्वतःची गाडी, बोलायला चटपटीत. "आमची काही मागणी नाही," असं त्याच्या आईनं बैठकीतच जाहीर केलं. फक्त सार्थकची एवढी हौस होती, की रुखवतात पासष्ट इंची ओएलईडी असावा. सुपारी फुटायच्या आधीच तो पसंत करून ठेवू, म्हणजे घाई नको. पैसे वर्षाराणीच्या खात्यातून जायचे होते. पसंती सार्थकची. पोरगी पसंत, टीव्ही पसंत, तारीखही पसंत... आणि यातलं काहीच कुणी वर्षाराणीला विचारलं नव्हतं. तिचे वडील गेनूआप्पा एकदा काहीतरी बोलू बघत होते, तर आत्यानं त्यांना डोळ्यांनीच दाबलं.

"माझ्या ओळखीचं दुकान आहे," गाडी चालवता चालवता सार्थक म्हणाला.

गाडी कासारवाडीला थांबली, ती त्याच काचेच्या दारासमोर.

प्रज्वलनं दार उघडलं. तिला साडीत पाहून त्याचा चेहरा उजळला. मग मागून येणारी आत्या दिसली, आप्पा दिसले, पुढं चालणारा सार्थक दिसला. चेहरा बघता बघता विझला.

"या... या ना," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

सार्थकनं भिंतीसमोर उभं राहून व्याख्यानच सुरू केलं. "हे क्यूएलईडी, मिनी एलईडी, सगळी नावं आहेत आप्पा, नुसती नावं. मागं दिवे ते दिवेच. घ्यायचा तर ओएलईडी! मी पन्नास व्हिडिओ बघितलेत. तो काळा बघा, काळा! याला म्हणतात टेक्नॉलॉजी."

"आवो, राणीला इचारा की," गेनूआप्पा म्हणाले. "ती तर रोज ह्येच काम करती."

"तिचं काम वेगळं हो. ती पडदे पुसते कंपनीत. हे जरा टेक्निकल आहे."

आत्या हसली. वर्षाराणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"सार्थकभाऊंसाठी एक लाख दहा!" खंडूशेठ पुढं झाले. "एवढ्यात कुणी देणार नाही. आधीचा विकला गेला. हा पीस कालच खोक्यातून काढून लावलाय. एकदम कोरा."

कालच? गेल्या पाच गुरुवारी तिनं याच जागी असाच टीव्ही बघितला होता. तो बदलला असेल... नसेलही. तिनं प्रज्वलकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. खंडूशेठ खोकले.

बोल ना, ती मनात म्हणाली. दोन्ही बाजू सांगतोस ना? आज एक तरी सांग.

प्रज्वलनं मान वर केली. चष्मा सारखा केला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

स्थळ आल्यापासून दोन आठवड्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं असतं, पण त्यानं हात पुढं केला होता, आणि तळहातावर पेनड्राइव्ह होता.

तिनं तो घेतला. टीव्हीच्या कडेला लावला. लाल आला, हिरवा आला, निळा आला. "हे काय चाललंय?" सार्थक म्हणाला. पांढरा. काळा. मग करडा.

करड्या पडद्यावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, धुक्यातून कुणी चालत यावं तशी अक्षरं उमटली. फिकट, पण वाचता येतील अशी – महाबचत.

दुकानाची ती जाहिरातपट्टी त्या कोपऱ्यात रोज झळकायची.

"हा काल लावलेला नाही," वर्षाराणी म्हणाली.

"चौदा महिने झालेत," प्रज्वल म्हणाला. "मी यायच्या आधीपासून आहे. रोज अकरा तास चालू. आणि शेठ, आता खोकू नका, माझं बोलून झालेलं नाही. ही गोष्ट दारातच सांगायला पाहिजे होती. सांगितली नाही, ती चूक माझी."

खंडूशेठचा खोकला घशातच राहिला. सार्थकनं मात्र पडद्याजवळ जाऊन पाहिलं, हसला आणि टाळी वाजवली.

"सोपं आहे की राव! शेठ, अजून वीस कमी करा, घेऊन टाकतो. घरी कोण करडा रंग लावून बसतंय? पासष्ट इंच ओएलईडी म्हटलं की चारचौघांत झालं काम."

"म्हणजे डाग दिसतोय तुम्हाला," वर्षाराणी म्हणाली.

"दिसतोय. पण लोकांना दिसणार नाही ना!"

"आणि रंग?"

"कसला रंग?"

"तुमच्या आई म्हणाल्या होत्या, पोरगी रंगानं डावी आहे, पण नोकरी आहे, चालवून घेऊ. टीव्हीचा काळा मात्र तुम्हाला अस्सल पाहिजे. त्याच्यासाठी लाख रुपये मोजायला तयार आहात. तेही माझे."

दुकानातले सगळे टीव्ही मुके चालू होते. कुठं समुद्र, कुठं फुलपाखरं, कुठं चिरलेलं कलिंगड.

"वर्षा, इथं तमाशा नको."

"वर्षाराणी. पूर्ण नाव आहे माझं." तिनं पेनड्राइव्ह काढला. "हा टीव्ही नापास. आणि ही सोयरीकही नापास."

"अगं ए, तोंड आवर!" आत्यानं दंड धरला. "चवथं स्थळ हाय ह्ये. पाचवं कोण आननार हाय?"

"नाही आलं तर नाही आलं, आत्या. मी काय दुकानात टांगलेली नाही."

मग सगळ्यांनी गेनूआप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. एवढ्याला त्यांनी बराच वेळ लावला.

"पोरगी रोज चारशे पडदं बघती," ते म्हणाले. "तिनं न्हाई म्हनलं, तर न्हाई. चल राणी. बसनं जाऊ."

*

पुढच्या गुरुवारी प्रज्वलच्या जागी दुसराच कुणीतरी उभा होता. सोयरीक मोडली त्याच दिवशी, मंडळी जाताच प्रज्वलनं गळ्यातलं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं होतं म्हणे, आणि खंडूशेठना नमस्कार करून निघून गेला होता.

वर्षाराणी स्टॉपवर येऊन उभी राहिली. एवढे गुरुवार बोललो, आणि एकमेकांचा नंबरसुद्धा घेतला नाही! पडद्यातला ठिपका शोधणाऱ्या बाईनं असा गाढवपणा करावा? रहाटणीत राहतो, एवढंच ठाऊक. रहाटणीत काय एकच माणूस राहतो? घरी आत्या अबोला धरून होती, गावात चार तोंडं बोलत होती. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. "झालं ते बरं झालं," असं ती विचारणाऱ्याला तोंडावर सांगत होती. पण बस आली, की तिची नजर काचेच्या दाराकडे जायची.

असे दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी वर्गाला सुट्टी होती. सकाळी कुरुळीच्या घरासमोर एक टेम्पो थांबला, आणि एक उंच, किडकिडीत माणूस टीव्हीचं खोकं छातीशी धरून उतरला.

"आप्पांनी... फोन केला होता," तो म्हणाला.

"मीच केलता," गेनूआप्पा ओट्यावरून म्हणाले. "त्या दिशी दुकानातनं निघताना नंबर घेतला व्हता. टीव्ही तर लागंलच की घराला. खरं बोलनारा गडी सारखा सारखा घावतोय व्हय?" आणि ते म्हैस बांधायला म्हणून जे गोठ्याकडे गेले, ते गेलेच. म्हैस सकाळपासून बांधलेलीच होती.

प्रज्वलनं भिंतीला भोकं पाडली, टीव्ही टांगला, पातळी बघितली, परत बघितली. त्रेचाळीस इंची, साधा. वर्षाराणी उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं सवयीनं डावा डोळा मिटला – आणि पुढं आली. खालून चार बोटं. उजव्या कडेपासून एक वीत.

"हा तर तोच!"

"तोच. दुकान सोडताना मी विकत घेतला. ठिपक्यासकट. जेवढ्याला घेतला तेवढ्यालाच आप्पांना देतोय, आणि ठिपक्याचं त्यांना आधीच सांगितलंय. ते म्हणाले, दिसतोय कुणाला? मी म्हटलं, एकीलाच."

"विकत घेतलात? का?"

तो पेचकस पुसू लागला. चांगला स्वच्छ पेचकस होता.

"तुम्ही याच्यासमोर उभ्या राहायच्या."

बाहेर बसचा हॉर्न वाजला, लांब गेला. बंद पडद्यात दोघंही दिसत होती. तो पडद्यातल्या तिच्याकडे बघत होता, कारण समोरच्या तिच्याकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

"मला दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय चैन पडत नाही," तो पडद्याला म्हणाला. "तर तोटे आधी सांगतो. रहाटणीत एका दुरुस्तीच्या दुकानात लागलोय, पगार पहिल्यापेक्षा कमी. आई आणि मी, एकच खोली. मी हळू बोलतो, उशिरा बोलतो. त्या दिवशीही उशीरच केला. हातात पुस्तक असलं की हाक ऐकू येत नाही. घाबरलो की..."

"की लातूर बाहेर येतं. ते माहीत आहे. फायदे?"

"एकच आहे." त्यानं मान वळवली. आता तो पडद्याकडे बघत नव्हता. "आयुष्यभर कुठलीबी गोष्ट तुम्हाला विचारल्याबिगर करणार न्हाई. आजपासूनच. म्हणून इचारायलोय..."

वाक्य तिथंच थांबलं. पण प्रश्न सगळा विचारून झाला होता.

वर्षाराणीनं त्याचा हात हातात घेतला. तळहात उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला, डावा डोळा मिटून नीट तपासला. मग तिनं कोनाड्यातलं बॉलपेन घेतलं आणि त्याच्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, ठळक आकड्यात लिहिलं – २७.

"दोष आहेत," ती म्हणाली. "नियमात बसतात."

"आणि उद्या आत्या... गाव... काही वावगं बोललं तर?"

"बोलू दे की." तिनं पेनाला टोपण लावलं. "जबाब सत्तावीस देईल."